बॅटरीला बांधलेला दोरा

हे कोणी वाचलंच, तर माझं वेडंवाकडं अक्षर आणि चुकलेले ऱ्हस्व-दीर्घ पोटात घाला. शाळा चौथीपर्यंतच झाली.

आमची जुनी डिझेल गाडी आम्ही नणंदेचे पैसे उसने घेऊन घेतली. हे ती भाड्याने चालवतात. दसऱ्याला ह्यांनी गाडीची पूजा केली आणि दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं नणंदेकडे जाताना स्टिअरिंगपुढचे लाल-पिवळे धोक्याचे दिवे एकदम पेटले. नणंदेचा शेवटचा हप्ता मी पर्समध्ये घेऊन निघाले होते. आता तो मिस्त्रीच्या घशात जाणार, म्हणून माझा जीव खालीवर झाला.

पोलोग्राउंडच्या मिस्त्रीने मशीन लावून बॅटरी तपासली. ती चांगली होती. "एवढे दिवे एकदम लागले, तर आधी तार बघायची," म्हणत त्याने बॅटरीची तार हलवली, तर ती हातातच आली. तिच्या पकडीत पूजेचा लाल दोरा अडकला होता!

"भिया, बॅटरीला राखी कोणी बांधली?" मिस्त्रीने ह्यांना विचारलं.

"सुटू नये म्हणून नट ढिला करून आत दाबला," हे हळूच म्हणाले.

"मग ओवाळणी बॅटरीच देईल. मला बस चहा पाजा!"

परक्यांसमोर माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, पण त्या दिवशी मी खळखळून हसले. मिस्त्रीने दोरा काढून नट आवळला. गाडी सुरू झाली आणि दिवे विझले. आम्ही थेट सुदामा नगरला गेलो आणि मी हप्ता नणंदेच्या हातात ठेवला. सगळे पैसे फिटले.