उशीचं लेकरू

दर महिन्याला अंगणवाडीत लेकरांची वजनं होतात. लेकरू काट्याला लटकून रडतं आणि आया ओट्यावर बोलत बसतात. वजन वहीत लिहिलं जातं. ओट्यावरचं बोलणं कुणी लिहीत नाही, म्हणून ते नुसतं साठत गेलं. मी सातवी शिकलेली, तेव्हा म्हटलं, थोडं आपणच लिहावं.

*

माझा विकास जन्मला तो रडलाच नाही. निळा पडला होता. आमच्या सासूबाई त्याच्या कानाशी पितळी थाळी वाजवू लागल्या. आमच्याकडं न रडणाऱ्या लेकरासाठी अशीच वाजवतात. नर्सबाईंनी त्याचं तोंड पुसलं, पाठ चोळली, तोंडावर तोंड ठेवून हळू हळू फुंकलं. मी खाटेवरून बघत होते. शेवटी तो रडला.

सासूबाई म्हणाल्या, "बघा, थाळीनं रडला."

नर्सबाई हात धुता धुता म्हणाल्या, "वाजवा मावशी, पण पुढच्या टायमाला माझ्या मागं उभं राहून वाजवा."

*

तेव्हापासून मला एकच भीती. विकास झोपला की मी बोंडातला कापूस काढून त्याच्या नाकापुढं धरायची. कापूस हलला की जीव भांड्यात पडायचा. नाही हलला तर त्याला हलवायची.

आमचे हे एकदा वैतागले. "काहून त्याला उठवून राहिली?"

"श्वास चालू हाय का बघते."

"त्याचा चालू हाय. झोप तेवढी बंद झाली."

*

मग नर्सबाईंनी सगळ्या आयांना शिकवायचं ठरवलं. लेकरू बुडालं, श्वास अन् काळीज थांबलं, तर दवाखान्यात पोचेपर्यंत काय करायचं ते. बाहुली नव्हती, म्हणून एका उशीला टोपरं बांधलं. छातीवर दाबायचं, मोजायचं, मग तोंडानं फुंकायचं. बायका पदरात तोंड घालून हसत होत्या.

माझ्या मोठ्या जाऊबाईंनी असा जोर लावला की उशी उसवली आणि कापूस बाहेर आला.

नर्सबाई म्हणाल्या, "ह्या लेकराला आता शिंप्याकडं न्या."

*

फुंकण्यावर सासूबाई अडून बसल्या. "दुसऱ्याच्या लेकराला तोंड लावायचं? उष्टं न्हाई का व्हणार?"

"मावशी, नातवाला घास चावून कोण भरवतं?"

"मी."

"मग?"

सासूबाईंनी बराच विचार केला. "घासाचं येगळं हाय. वारं कसं चावावं?"

*

घरी मी रोज दुपारी उशीवर करून बघायची. एकदा हे शेतातून लवकर आले आणि दारातच उभे राहिले.

"उशी मेली का?"

"वाचली," मी म्हणाले.

*

विकास दोन वर्षांचा झाला त्या साली आमच्या मळ्यात हळद शिजत होती. सगळे कढईपाशी. मी हळकुंडं पसरत होते, अन् दोन वर्षं कापूस धरणारी मी, त्या घटकेला माझं लक्ष नव्हतं. गुरांच्या हौदात जाऊबाईंना लाल सदरा दिसला.

बाहेर काढला तेव्हा त्याची मान लोंबत होती. मोठे भाऊजी त्याचे पाय धरून त्याला गरगर फिरवायला लागले. बुडालेल्याचं पाणी असंच काढतात, असं सगळे म्हणत होते. लग्न झाल्यापासून मी भाऊजींसमोर कधी मान वर केली नव्हती.

मी म्हणाले, "भाऊजी, त्याला खाली ठेवा."

ते थांबले नाहीत. मग मी लेकरू त्यांच्या हातातून ओढून घेतलं आणि मातीवर निजवलं. कापूस धरला नाही. कानच नाकाशी नेला. काही नव्हतं.

तोंडानं फुंकलं. दाबलं. उशीला बरगड्या नव्हत्या, ह्याला होत्या. माझी मोजणी चुकायला लागली तशी जाऊबाई शेजारी बसून मोठ्यानं मोजू लागल्या. मागून कुणीतरी म्हणालं, "सोड बाई आता, गेलं ते." जाऊबाई मोजतच राहिल्या. थोडं पाणी आलं. परत काही नाही. मी परत फुंकलं.

मग त्याला ठसका लागला.

जीपनं वसमतच्या दवाखान्यात नेला तोवर तो माझा खांदा भिजवून रडत होता. डॉक्टरांनी तपासलं, दोन दिवस ठेवून घ्यायचं म्हणाले. मग कागदावर लिहिता लिहिता मला विचारलं, "किती वेळ करत होतात?"

मी म्हणाले, "घड्याळ न्हाई बघितलं, साहेब. रडेपर्यंत केलं."