टॅबिथाच्या बाकाचं दार

टॅबिथा स्प्रेग कधी कुणाशी चढ्या आवाजात बोलली नव्हती. नवरा सुतार. तो गेल्यावर गवती टोप्या विणून तिनं एकटीनं संसार ओढला. मॅसॅच्युसेट्समधल्या त्यांच्या गावी, देव एकच मानणाऱ्या युनिटेरियन पंथाच्या चर्चमध्ये, बाक विकत घ्यायची रीत होती, घरासारखं खरेदीखत करून. बाकाभोवती कमरेएवढ्या फळ्यांचं कुंपण, आणि त्याला दारसुद्धा असे. चर्चच्या कारभारात बायकांना मत नव्हतं. पण सातव्या बाकाच्या खतावर आता नाव टॅबिथाचं होतं.

तिच्याबरोबर टोप्या विणणारी डॉर्कस काळी. काळ्यांनी वर माळ्यावर बसायचं, हा शिरस्ता. त्या हिवाळ्यात डॉर्कसचे गुडघे धरले.

"जिना चढवत नाही गं. आता घरीच प्रार्थना करीन म्हणते."

"घरी कशाला? माझा अर्धा बाक रिकामाच असतो."

"वेडी की काय! गाव तुला फाडून खाईल."

"वीस वर्षं ऐकतेय, देव एक आणि माणसं सगळी त्याची लेकरं. एका बापाची लेकरं एका बाकावर बसली, तर बिघडलं कुठं?"

रविवारी दोघी शेजारी बसल्या. मंडळींचं लक्ष प्रवचनात कमी आणि सातव्या बाकाकडे जास्त.

पुढच्या शनिवारी बातमी कानावर आली, की चर्चचे कारभारी क्रेन यांनी तिच्या बाकाचं दार खिळ्यांनी ठोकून टाकलंय. टॅबिथानं रात्री देवाचं नाव घेतलं आणि सकाळी नवऱ्याच्या हत्यारांची पिशवी.

क्रेन बाकापाशीच उभे होते. "टॅबिथाबाई, एकट्या बसणार असाल तर आत्ता उघडून देतो."

"खिळे कुणाचे, क्रेनसाहेब?"

"चर्चचे."

"आणि दार?"

"दार... तुमचं."

"मग तुमचं तुम्ही घ्या, माझं मी नेते."

भर चर्चमध्ये तिनं पकडीनं चारही खिळे उपटून क्रेन यांच्या हातावर ठेवले. मग बिजागऱ्या सोडवल्या आणि दार भिंतीला टेकवलं.

"ये डॉर्कस. सरक आत, पाय लांब कर."

व्यासपीठावरून पाद्रीबाबांनी भजनाचा आकडा सांगितला. दोघींनी असा खडा आवाज लावला, की माळ्यावरची माणसं कठड्याशी येऊन गाऊ लागली.

पुढच्या रविवारी मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्या चांभारानं आपलं दार काढलं आणि माळ्याकडे पाहून हाक मारली, "या खाली, इथं ऊब आहे!" मग पिठाच्या गिरणीवाल्यांनी काढलं, मग शाळामास्तरांनी. टॅबिथाचं दार डॉर्कसच्या स्वयंपाकघरात दोन पिंपांवर टेबल होऊन आडवं पडलं. शनिवारी त्यावर घेवड्याचं मडकं असायचं.

पानं गळायला लागली तेव्हा अख्ख्या चर्चमध्ये एकच दार उरलं होतं, क्रेनसाहेबांचं. साहेब बसायला आले की ते करकर करायचं, आणि सातव्या बाकावरून डॉर्कस म्हणायची, "तेल घाला हो, क्रेनसाहेब!"