सुनंदाताईंचा चष्मा-डबा आणि पेडण्याची रो-रो

कोल्हापुरात माझं चष्म्याचं दुकान आहे आणि मला रात्रीच्या मालगाड्यांचे फोटो काढायचा नाद आहे. ही दोन वाक्यं एका दमात सांगितली की गिऱ्हाईक माझ्याकडे जरा निरखून बघतं. दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बॅटरी मारणारा माणूस रात्री काळोखात शेताच्या बांधावर बसून डास मारतो, आणि हाती काय लागतं, तर काळ्या चौकटीत एक पिवळा फराटा. बायको म्हणते, हा फराटा तुम्ही घरात ट्यूबलाइटचाही काढू शकला असता.

त्यामुळे गोव्याला जायची परवानगी मिळणं अवघड होतं. ती मिळवून दिली सुनंदाताईंनी. त्या बायकोच्या मावसबहीण, डिचोलीच्या. त्यांचा मुलगा रुपेश लांब पल्ल्याचा ट्रक चालवतो. मंगळूरकडे ताडपत्री बांधताना त्याचा चष्मा पडला आणि चाकाखाली गेला. त्याने फोनवर नंबर कळवला, मी चष्मा बनवला. नंबर तसा मोठा नाही, पण तिरका आहे. असा माणूस दिवसा निभावून नेतो, रात्री मात्र समोरून येणारा प्रत्येक दिवा त्याला फुटून पसरलेला दिसतो. दोन दिवे की चार, हे कळेपर्यंत समोरचा टँकर अंगावर येतो. हे ज्ञान मी ताईंना फोनवर सविस्तर दिलं. त्यानंतर त्यांना झोप लागेना.

रुपेशचा ट्रक मंगळूरकडून रो-रोने उत्तरेला जाणार होता. माहीत नसलेल्यांसाठी सांगतो, रो-रो म्हणजे भरलेले ट्रक उघड्या वाघिणींवर, म्हणजे वॅगनवर, चढवून नेणारी मालगाडी. ड्रायव्हर आपापल्या केबिनमध्येच बसलेले असतात. कोलाडला ट्रक खाली उतरतात आणि पुढे रस्त्याने जातात. रुपेशला तिथून थेट गुजरात गाठायचं होतं, तेही रात्रीअपरात्री. घरी यायला महिना तरी लागणार होता. म्हणजे चष्मा द्यायचा तर गाडी गोव्यातून जाताना, वाटेत कुठे थांबली तरच. बायको म्हणाली, जा, पहिल्यांदाच तुमच्या नादाचा कुणाला उपयोग होतोय. मी लगेच ट्रायपॉड पुसायला घेतला.

सकाळी सहाला निघालो. आजरा, आंबोली, सावंतवाडी, दोडामार्ग, डिचोली. आंबोलीत चहा आणि भजी. घाट उतरल्यावर रस्ता छान आहे, पण दोडामार्गच्या अलीकडे वळणं फार, पोट हलकं ठेवा. पेट्रोल गोव्यात शिरून भरा, थोडं स्वस्त पडतं. मी सावंतवाडीतच टाकी फुल्ल केली आणि हद्द ओलांडल्यावर पंपाची पाटी वाचून स्वतःला दोन शब्द ऐकवले.

ताईंच्या अंगणात त्यांच्या यजमानांचा खाणीवरचा टिपर उभा आहे. खाणी बंद पडल्यापासून तो हललेला नाही, खाली कोंबड्या बसतात. बापलेक दोघेही तोच चालवायचे. यजमान आता एका दुकानात रात्रपाळीला असतात आणि रुपेशने लांबचा रूट धरला. हे सगळं ताईंनी वाढता वाढता सांगितलं. पानात बांगड्याचं तिखलं, सोलकढी आणि पोदेराकडचे, म्हणजे गावच्या पाववाल्याकडचे, ताजे उंडे होते. चौथा उंडा मी नको म्हणालो, तो आपोआप पानात आला.

जेवणानंतर ताईंनी डबा बांधला. खाली चपात्या, वर सुकं मटण आणि एका छोट्या स्टीलच्या डबीत कापसात गुंडाळलेला चष्मा. मग माझ्यासमोर बसून त्यांनी विचारलं, “भावोजी, तुमका रेल्वेतला सगळा कळता मा? मगे सांगा, गाडी खंय थांबतली?”

आता इथे माझं चुकलं. म्हणजे चूक हा शब्द सौम्य झाला. मालगाडीला वेळापत्रक नसतं. एकेरी मार्गावर समोरून प्रवासी गाडी येत असेल तर मालगाडीला एखाद्या स्टेशनात बाजूला घेतात, आम्ही त्याला क्रॉसिंग म्हणतो. ते पेडण्याला होईल, थिवीला होईल किंवा कुठेच होणार नाही. प्रामाणिक उत्तर होतं, ताई, मला माहीत नाही, आपण पेडण्याच्या स्टेशनवर जाऊन बसू. पण पेडणे स्टेशनवर पांढरेफेक दिवे, त्यात फोटोची वाट लागते. आणि स्टेशनच्या अलीकडे एक वळण आहे, ते मी महिनाभर नकाशावर घोळवत होतो. मी घसा साफ केला आणि सांगितलं की मालगाडीला स्टेशनाबाहेरच्या सिग्नलला रोखतात, वळणाजवळच, तिथे थांबणं सोयीचं. ताईंनी मान डोलावली. माझ्यासारख्या माणसावर एवढा विश्वास माझ्या सख्ख्या आईनेही कधी टाकला नव्हता.

दुपारी साळ, इब्रामपूर, चांदेल असं आतल्या रस्त्याने पेडण्याला आलो. कुणी येणार असाल तर हाच रस्ता धरा. काजूच्या बागा, नदी, भातशेती, आणि वाट विचारली तर माणूस आधी तुम्ही कुठले ते विचारतो, मग वाट सांगतो. चांदेलजवळ एका म्हाताऱ्याला मी आमची सगळी मोहीम सांगितली. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं की आगगाडीचा फोटो काढायचाच तर दिवसा का काढत नाही. ताई पदराआड हसल्या. पेडण्यात संध्याकाळी एका गाड्यावर रस-ऑम्लेट, म्हणजे रश्शात बुडवलेलं ऑम्लेट, खाल्लं, दोघांचे मिळून दीडशे रुपये, रस मागाल तितका.

नऊ वाजता वळणावर पोचलो. रुळांपासून चांगलं लांब, रस्त्याच्या कडेच्या उंच बांधावर. नवशिक्यांना सांगतो, रेल्वेच्या हद्दीत पाय टाकू नका आणि फ्लॅश अजिबात मारू नका, इंजिनातल्या माणसाचे डोळे दिपतात. ताई डबा मांडीवर घेऊन दगडावर बसल्या. मी ट्रायपॉड लावला, तीनदा जागा बदलली, एकदा स्वतःच्याच पायात अडकून बांधावरून खाली आलो. रुपेशचा फोन आला की वेर्णा सोडलं, वाघीण इंजिनापासून सातवी. त्याने आईला विचारलं, जेवलीस का. तिने सांगितलं, तुझं झाल्यावर.

सव्वादहाला माझा मोबाइल वाजला. आमच्या नादिष्टांच्या ग्रुपवर थिवीच्या एका मित्राचा निरोप होता: रो-रो आत्ता गेली, पेडण्याला क्रॉसिंग आहे, वीस मिनिटं तरी थांबेल.

स्टेशन तिथून गाडीने दहा मिनिटांवर. उठलो असतो तर आरामात पोचलो असतो. पण कॅमेरा लावलेला, आभाळ निरभ्र, वळणावर धुक्याची पातळ पट्टी. मी मनात हिशेब मांडला की आधी फोटो, मग पळू, वीस मिनिटं म्हणजे खूप झाली. मोबाइल खिशात घातला. ताई माझ्याकडेच बघत होत्या. मी म्हणालो, येईलच आता.

आली. दोन डिझेल इंजिनं, मागे ट्रकांची रांग, आणि सातव्या वाघिणीवरच्या ट्रकाने हेडलाइट लावले. रुपेशला आईने जागा सांगितली होती, तो लाइट उघडझाप करत होता. ताई उठून उभ्या राहिल्या, डबा दोन्ही हातांनी वर धरला, जणू तो हात लांब करून घेईल. गाडी सिग्नलला थांबली नाही. हळूसुद्धा झाली नाही. मी शटर दाबून धरलं होतं आणि सांगायला लाज वाटते, त्या क्षणी मला आनंद झाला होता.

मागचा लाल दिवा लांब गेला आणि स्टेशनच्या बाजूला ब्रेक कचकचले. ताई म्हणाल्या की गाडी तर पुढे थांबली. मी म्हणालो, चला चला. आणि मग माझा ट्रायपॉड मिटेना. महागाचा, परदेशी, एक पाय वाळूत रुतून अडकलेला. शहाण्या माणसाने तो तिथेच टाकला असता. मी तीन मिनिटं त्याच्याशी कुस्ती खेळलो. मग गाडी उलटी वळवताना चाक चरात गेलं. स्टेशनच्या आवारात शिरलो तेव्हा समोरून आलेली एक्सप्रेस धडधडत निघून गेली होती आणि रो-रोची शेवटची वाघीण फलाटापासून सुटत होती.

डबा छातीशी धरून ताई रुळांकडे बघत राहिल्या. मला एकदम आठवलं की कोलाडनंतर तो पोरगा फुटलेल्या दिव्यांच्या रस्त्याने रात्र काढणार आहे, आणि हे तिला मीच समजावून सांगितलं होतं, वर फुशारकीने.

मी थिवीच्या मित्राला फोन लावला. पुढचं क्रॉसिंग? तो म्हणाला, बहुतेक सावंतवाडी, पण खात्री नाही. मी म्हणालो, बसा ताई. पत्रादेवीचा नाका, बांदा, हायवे. आयुष्यभर मालगाड्यांचा पाठलाग करतो असं सांगत आलो, खरा पाठलाग तो पहिलाच. बांद्याच्या पुढे मला राहवेना.

“ताई, पेडण्याला थांबणार हे मला आधीच कळलं होतं. फोटोसाठी बोललो नाही.”

त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

“गाडी चालवा,” त्या म्हणाल्या.

सावंतवाडीचं स्टेशन गावात नाही, मळगावला आहे. गाडी लावून आम्ही पळालो. साठीला आलेली बाई डबा घेऊन पुढे आणि मी धापा टाकत मागे. रो-रो फलाटाला लागून उभी होती, इंजिनं घुरघुरत होती. काही ड्रायव्हर खाली उतरून हातपाय मोकळे करत होते. रुपेश त्यांच्यातच होता. आईला बघून तो आधी घाबरला, घरी काही झालं की काय म्हणून. तिने डबा हातात दिला, डबी उघडून चष्मा काढला आणि स्वतःच्या पदराने पुसला. चष्मा पदराने पुसू नये हे मी दिवसातून दहा वेळा सांगतो. तेव्हा तोंड मिटून उभा राहिलो.

त्याने चष्मा घातला, दिव्यांकडे बघितलं, मग आईकडे.

“आये, तू कितकी बारीक झालंस गो,” तो म्हणाला.

ताई म्हणाल्या की काही नाही, तू जेव आधी. तिथेच फलाटाच्या कडेला बसून त्याने दोन चपात्या खाल्ल्या आणि तिने त्याच्याच हातून एक घास खाल्ला. मी चष्म्याची दांडी कानामागे नीट बसवून दिली, तेवढंच माझ्या हातून कामाचं झालं. मग सिग्नल पडला.

ताईंना डिचोलीला सोडलं तेव्हा अडीच वाजले होते. सकाळी त्यांनी नेहमीसारखा चहा दिला, वाटेसाठी काजू बांधून दिले. मी दुपारी कोल्हापुरात पोचलो. पेट्रोल, खाणं धरून तीन हजारांच्या आत सगळं झालं, पेडण्यात खोली घ्यायची तर आणखी हजारभर धरा.

फोटो? फोटो उत्तम आलाय. इतका चांगला फोटो मला आजवर जमला नव्हता. धुक्यातून वळलेली प्रकाशाची रेघ आणि तिच्यात तुटक तुटक एक वेगळा ठिपका, रुपेशच्या हेडलाइटचा. ग्रुपवर वाहवा झाली. बायकोला मी पाठलागाची हकीकत रंगवून सांगितली, फक्त सव्वादहाचा निरोप तेवढा गाळला. तीही खूश झाली आणि तिने फोटो ताईंना पाठवला.

दोन दिवसांनी रात्री ताईंचा आवाजी निरोप आला. बायकोने जेवताना मोठ्याने लावला. रुपेश गुजरातला सुखरूप पोचला होता, रात्रीचे दिवे आता साफ दिसतात म्हणत होता. फोटो आवडला होता. आणि मग ताई त्याच सुरात म्हणाल्या, “भावोजींनी खरा सांगितल्यानी ता बरा केल्यानी. पण माका तेव्हाच कळला होता गो, मोबाइल बघून त्येंनी खिशात घातलो तेव्हाच. पण गाडी त्येंची, मी काय बोलतलंय?”

बायकोने मोबाइल बंद केला आणि विचारलं, कसला मोबाइल, काय खरं सांगितलंत. मी ताट बाजूला सारलं आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.