आठ वाजताची मालिका

धावड्याहून निघाले त्या सकाळी माझं गाठोडं गाडीत होतं आणि आमचा टीव्ही ओसरीवर. मुलगा संतोष म्हणाला, "आई, तो डबा कशाला? पुण्यात भिंतीएवढा टीव्ही हाय." तेवढ्यात रजियाबीनं गाडीच्या खिडकीतून माझा हात धरला. मी लग्न होऊन आले तेव्हापासूनची ही माझी शेजारीण. म्हणाली, "भाबी, रोज आठ वाजता तू तिकडं बघ, मी इकडं बघते. मंग लांब कसलं?" मालिका आमची दोघींची एकच. त्या बोलीवर मी गाडीत बसून राहिले, खरं सांगते. नाहीतर उतरलेच असते.

बायांनो, गावात राहिलेल्या काय आणि माझ्यासारख्या लेकरांमागं शहरात आलेल्या काय, तुम्हाला हे वेगळं सांगायला नको. माझ्या माहेरी कातडी पिशवीतला रेडिओ होता, तो वडील पारावर नेऊन लावायचे. लग्नकार्यात भोकरदनहून भाड्यानं व्हिडिओ यायचा, उजाडेपर्यंत पिक्चर. मग आमच्या ह्यांनी सरकत्या दारांचा काळा-पांढरा टीव्ही आणला. तो आम्ही घराकडं तोंड करून कधी ठेवलाच नाही. उंबऱ्यात स्टूल, त्यावर टीव्ही, तोंड अंगणाकडं. घरचे असून आम्हीही बाहेर जाऊन आळीत मिसळून बसायचो. लाइट गेली की ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणायची. सासूबाई बातम्यावाल्याकडं बघून म्हणायच्या, "कवाचा बोलून राह्यला, पाणी द्या की त्याला कुणी!"

आता पुण्यातलं ऐका. टीव्ही भिंतीला ठोकलेला, आत शिरायला पासवर्ड. सून अश्विनीनं त्यात माझं वेगळं खातं करून दिलं. संतोषचं वेगळं, नातीचं वेगळं. स्वयंपाक एकत्र आणि टीव्हीत वाटण्या! बरं, वाटण्या करूनही बघत कुणीच नाही. ज्याचं त्याचं तोंड मोबाइलात.

पण खरा वैताग पुढंच आहे. आठला मालिका लावली तर कालचाच भाग.

"आजचा कुठाय गं?"

"आई, ॲपवर तो उद्या येतो. मग तुम्ही केव्हाही बघा ना!" अश्विनी म्हणाली.

केव्हाही! अगं, मला केव्हाही नको, आठलाच पाहिजे. आठ होऊन गेले की रजियाबीचा फोन, "भाबी, ती सासू मेली की गं!" आणि माझ्याकडं ती सासू अजून पापड लाटून राह्यली.

मी चिडले. "सांगू नको म्हणलं ना तुला!"

"मंग बोलू काय मी? जेवली का, गोळी घेतली का, एवढंच?"

असं चार-दोनदा झालं आणि तिनं फोन करणंच सोडलं. मी केला तर "हां, बराबर हाय सगळं" म्हणून ठेवून द्यायची. एवढ्या वर्षांची बाई माझ्या हातातून सुटून चालली होती, आणि कशापायी, तर एका दिवसाच्या फरकापायी!

संतोषला म्हणलं, "टीव्हीची छत्री बसव गच्चीवर."

"सोसायटी बसवू देत न्हाई, आई. आन् एका मालिकेसाठी एवढा खर्चा?"

"मालिकेसाठी न्हाई रे बाबा!" म्हणलं. त्याची मान मोबाइलात कधीच गेल्ती.

शेवटी रजियाबीच्या नातसुनेला फोन लावला, व्हिडिओचा. म्हणलं, तुमचा मोबाइल तुमच्याच टीव्हीसमोर टेकवून ठेव. आता रोज आठला मला निम्मा टीव्ही दिसतो आणि निम्मी रजियाबी. ती मालिकेतल्या नणंदेला शिव्या देते, मी त्यातल्या सुनेला. आमचा भिंतीवरचा बंद.

अश्विनी कपाळावर हात मारते. "आई, इतकं अंधुक कशाला बघता? उद्या स्वच्छ दिसेल की!"

काय सांगू तिला? माझं घर आता एवढंच उरलंय, तळहातावर मावणारं, तेही हलणारं.

काल मालिकेतल्या ऐन भांडणाच्या वेळी रजियाबीचं दूध उतू चाललं. ती मोबाइल हातात घेऊनच गॅसकडं पळाली. "थांब भाबी, टीव्हीसमोर ठेवते परत."

"राहू दे," मी म्हणलं. "जरा दूधच दाखव."