शंभरातून सात

नर्सिंगमध्ये पंचवीस वर्षं काढली की किस्से इतके साठतात, की एक सांगायला घ्यावा तर मागे दोन उभेच असतात.

मी नव्वदच्या सुमाराला शिकत होते. मनोरुग्णांचा धडा आला की आमच्या ट्यूटर म्हणायच्या, "हा घरी वाचा." त्यामुळे पंधरा दिवसांच्या पोस्टिंगला मनोरुग्णांच्या वॉर्डात शिरले, तेव्हा मला फक्त घाबरता येत होतं. एका पेशंटबाईंनी ते ओळखलं. स्वतःचा चहा माझ्यापुढे सरकवून म्हणाल्या, "पहिला दिवस ना? होईल सवय." या विषयातलं माझं पहिलं शिक्षण ते!

*

पुढे मीच ट्यूटर झाले आणि तो धडा वर्गातच घेऊ लागले. दोन हजारनंतर गंगापूर रोडच्या एका दवाखान्यात म्हातारपणच्या विसरण्यावर अभ्यास सुरू झाला. विद्यार्थिनींना घेऊन मी मदतीला जायची. फॉर्म ठरलेला: तारीख सांगा, घड्याळ काढा, शंभरातून सात-सात वजा करा.

चांदवडहून आलेल्या एका आजींनी पेन घेतलंच नाही. "कधी धरलं नाय बाई. खुरपं हाय का?"

डॉक्टर त्यांना निरक्षर म्हणून वगळायला निघाले. माझी विद्यार्थिनी सुनंदा तिकडचीच. तिनं कांद्याचं विचारलं. आजींनी लागवडीपासून कांदा साठवायच्या चाळीपर्यंत सगळं सांगितलं, आणि मधे चारदा विचारलं, चहा कधी येणार. कप हातातच होता.

मग त्यांनी डॉक्टरांना विचारलं, उन्हाळ कांद्याचं रोप कधी टाकतात? डॉक्टर म्हणाले, "जूनमध्ये?"

आजी सुनंदाला म्हणाल्या, "यांचं बी नाव लिही गं."

डॉक्टर हसले. आजींना अभ्यासात घेतलं.

*

इंदिरानगरचे एक निवृत्त हेडमास्तर आले. सोबत बायको. यांचं काहीतरी बिनसलंय, असं त्या वर्षभर सांगत होत्या आणि कुणी ऐकत नव्हतं. मुलगा म्हणे, आई, तूच थकली आहेस.

सरांनी तारीख सांगितली, घड्याळ सुरेख काढलं, सातची वजाबाकी घडाघडा केली. पैकीच्या पैकी! डॉक्टरांनी काळजीचं कारण नाही म्हणून सही केली. बाईंचा चेहरा इतका उतरला, की मला फॉर्म फाडावासा वाटला.

निघताना सर दारात थांबले. मागे वळून बायकोला अगदी आदबीनं म्हणाले, "बाई, तुम्हाला न्यायला अजून कुणी आलं नाही का?"

डॉक्टरांनी सही केलेला फॉर्म परत पुढे ओढला.

बाईंनी पदर सावरला, त्यांचा हात धरला आणि म्हणाल्या, "आलेत की. चला."