खूण करायची राहिलेली डिस्क

ही गोष्ट मी बरीच वर्षं टाळली. कारखान्यातल्या दिवसांबद्दल कुणी विचारलं की मी धुक्याचं सांगायचो. कारखान्यासाठी कुंभिवलीला उतरलं की हिवाळ्यात रस्ताच नाहीसा व्हायचा आणि ट्रकचे दिवे पाण्याखालून आल्यासारखे सरकायचे. त्याच धुक्यातून कर्जतची एक मुलगी कामावर यायची. तिच्याबद्दल मी बोलत नसे.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. ऑफिसातला पहिला कॉम्प्युटर मी लावला आणि चालवायला ती. काम नीट जमलं तर ती कायम होणार होती. मी मशीनच्या आतल्या डिस्कचे दोन भाग पाडले. असे भाग पाडले की मशीनने कोणत्या भागातून सुरू व्हायचं, त्याची खूण आपणच करायची असे. मी ती विसरलो. लक्षातही आलं नाही, कारण फ्लॉपी सदा आत असायची आणि मशीन तिच्यावरूनच जागं व्हायचं.

खंडेनवमीला यंत्रांची पूजा झाली. ती बौद्ध घरातली, बाजूला उभी राहिली. पण आत हळदकुंकू जाऊ नये म्हणून तिनेच फ्लॉपी काढून कपाटात ठेवली.

दसऱ्यानंतर साहेबांनी स्वतः बटण दाबलं. काळ्या पडद्यावर एकच ओळ लुकलुकत राहिली.

"काय केलंस गं?"

"काय नाय साहेब, फ्लॉपी काढली नुसती. परत घालून बघू?"

"आता हात लावू नकोस! पूजेला हात जुळत नाहीत, मशीन बिघडवायला बरे चालतात."

कुणीतरी हसलं. ती माझ्याकडे वळली. "तुमी सांगा ना सर, त्यानं बिघडतं का?"

ती ओळ वाचताच मला सगळं कळलं होतं; खूण माझीच राहिली होती. "बघावं लागेल," मी म्हणालो.

सगळे जेवायला गेल्यावर मी फ्लॉपी घातली, पहिल्या भागावर खूण केली, फ्लॉपी काढली. मशीन आपसूक उठलं. साहेबांनी माझी पाठ थोपटली. तिला पॅकिंगला पाठवलं, आणि दिवाळीनंतर ती आलीच नाही.

पुढे कितीतरी वर्षांनी कर्जतच्या बाजारात तिनेच हाक मारली. तिचे केस पिकले होते. "बरे हाव ना सर? मशीन चालली ना मग?"

"चालली," मी म्हणालो.

ती हसली, भाजीची पिशवी सावरत गर्दीत विरघळली. तुमच्या हातून काहीच बिघडलं नव्हतं, चूक माझी होती, मला माफ करा, एवढं म्हणायला मी तोंड उघडलं तेव्हा समोर कुणी नव्हतं.