चिंचेने घासलेला ओटा

कर्जतच्या बाजारपेठेत एक जुनी दगडी पेढी आहे. आजूबाजूला डोंगराचा काळा दगड फुकट पडलेला असताना बांधणाऱ्या शेठने शहाबादहून मालगाडीने फिकट चुनखडीचा दगड मागवला. फुकटातली वस्तू शेठ लोकांना पचत नाही, हे जुनंच दुखणं.

या पेढीच्या ओट्यावर अबूबकरभाई ताडपत्र्या आणि दोर विकतात. विकतात म्हणजे, हा दगड भर उन्हाळ्यात किती गार राहतो हे गिऱ्हाइकाने निमूट ऐकून घेतलं, तर विकतात. त्यांचे वडीलही इथेच बसायचे. लग्न ठरताना भाईंनी मुलीकडच्यांना घराआधी ओटा दाखवला. रजियाभाभी अजून म्हणतात, "माझा निकाह दगडाशी लागलाय."

पण पावलांनी झिजून ओटा आरसा झाला होता. पावसाळ्यात रोज कोणीतरी त्यावर लोटांगण घालायचं. कडावची अंबाबाई तर दोराच्या भेंडोळ्यासकट थेट रस्त्यात जाऊन बसली. शेवटी पेढीचा मालक जगदीश म्हणाला, "चाचा, आता पुरे. सोमवारी हा दगड उखडतो आणि खरखरीत टाइल्स बसवतो."

भाईंचं अन्नावरचं मन उडालं. ओटा लखलखीत दिसला तर जगदीशला तो उखडायचा जीव होणार नाही, असं त्यांच्या मनाने घेतलं. शुक्रवारची नमाज आटोपून ते चिंचेचा कोळ घेऊन बसले. घरची तांब्याची हंडी चिंचेने सोन्यासारखी निघते, मग दगडाने काय घोडं मारलंय?

दगड फसफसला. होती नव्हती ती चकाकी गेली आणि वर पांढुरका खडबडीतपणा उरला. डबा घेऊन आलेल्या रजियाभाभींनी कपाळाला हात लावला.

"अहो, ही काय हंडी हाय? चुन्याच्या दगडाला आंबट लावतं का कोणी?"

"मीच मारला गं त्याला," भाई कसेबसे म्हणाले.

सोमवारी जगदीश गवंडी घेऊन हजर झाला. तेवढ्यात चिखलाच्या पायांनी अंबाबाई ओट्यावर चढली. भाईंनी डोळे गच्च मिटले. पण धप्पकन आवाज काही आला नाही.

"अबूबकरभाय, डोळं उघडा की! मी हाय अजून उभी. आज पाय कसा घट्ट बसतोय!" आणि तिने ओट्यावर टाच घासून दाखवली.

जगदीश चढला, उतरला, पुन्हा चढला. मग गवंड्याला म्हणाला, "टाइल्स आमच्या न्हाणीघरात लाव. इथं हात लावू नकोस."

भाईंनी लगेच घरी फोन लावला. "रजिया, चिंच उरलीय का गं? पेढीच्या मागच्या दाराच्या पायऱ्या राहिल्यात."